मॉल्व्हर्नची पत्रे

(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



एकोणिसाव्या शतकाचा इतिहास आपण राज्यांचा, सुधारणांचा, आगगाडीचा आणि तारायंत्राचा इतिहास म्हणून वाचतो. त्याच शतकात घरोघरी आजारी मुलांच्या उशाशी ज्या रात्री जागून काढल्या गेल्या, त्यांची बखर कोणी लिहिली नाही. लिहिणार तरी कोण? जागणारे थकलेले असत, आणि मूल गेले की त्या दिवसांची आठवण काढण्याचे धैर्य घरात कोणाला उरत नसे. क्वचित एखाद्या घरात मात्र असा योग येतो की आई एकीकडे, बाप दुसरीकडे, आणि मधले अंतर पत्रांनी भरून काढावे लागते. मग जे एरवी दबक्या आवाजात बोलले गेले असते ते कागदावर उतरते. चार्ल्स डार्विनच्या घरी 1851 च्या एप्रिलमध्ये असेच झाले. त्याची थोरली लेक अ‍ॅनी इंग्लंडच्या पश्चिमेकडील मॉल्व्हर्न या गावी आजारी होती. बाप तिच्यापाशी होता, आणि आई दूर केंट परगण्यातल्या डाउन या खेड्यात. सुमारे आठवडाभर त्यांच्यात रोज पत्रे गेली-आली. आजचा विषय ती पत्रे आहेत.

प्रथम या घराची थोडी ओळख करून घ्यावी लागेल. चार्ल्स डार्विनचा विवाह 29 जानेवारी 1839 रोजी एमा वेजवूड हिच्याशी झाला. चार्ल्सची आई सुझाना आणि एमाचे वडील जोसाया वेजवूड ही सख्खी भावंडे, म्हणजे एमा ही चार्ल्सची मामेबहीण. मामाची मुलगी करण्याचा रिवाज आपल्याकडे अनेक समाजांत आहे, आणि तो दक्षिणेकडे जावे तसा अधिक दिसतो. तेव्हा हे नाते आपल्याला परके वाटू नये. गंमत अशी की चार्ल्सची बहीण कॅरोलिन हिचे लग्न सुमारे दीड वर्ष आधी एमाच्या भावाशी झाले होते. आपल्या बायाबापड्यांनी त्याला सरळ साटेलोटे म्हटले असते. पुढे याच नात्याच्या लग्नाने डार्विनला किती छळले, ते ओघाने येईलच.

या दांपत्याला एकूण दहा अपत्ये झाली. पहिला विल्यम. दुसरी अ‍ॅनी, तिचा जन्म 2 मार्च 1841 चा. तिसरी मुलगी मेरी 1842 साली, कुटुंब लंडन सोडून डाउनला राहावयास आले त्याच सुमारास जन्मली आणि तीनच आठवड्यांत गेली. त्यानंतर हेन्रिएटा, जिला घरात एटी म्हणत. मग जॉर्ज, एलिझाबेथ, फ्रान्सिस, लेनर्ड. 1851 च्या वसंतात सात मुले हयात होती आणि एमा पुन्हा गरोदर होती.

अ‍ॅनी ही बापाची विशेष लाडकी होती, हे तो लपवीत नसे. बागेच्या कडेने केलेल्या वाळूच्या पायवाटेवर डार्विन रोज ठरलेल्या फेऱ्या घाली. अ‍ॅनी त्याच्या पुढे गिरक्या घेत धावे. तपकिरीचे त्याला व्यसन होते आणि ते कमी करण्यासाठी डबी दूर ठेवलेली असे. ही पोर गुपचूप चिमूटभर तपकीर आणून बापाच्या हातावर ठेवी, आणि त्याला झालेला आनंद पाहून स्वतः खुलून जाई. अर्धा अर्धा तास ती त्याचे केस विंचरून नाना प्रकारे रचीत बसे. शब्दकोशात शब्द हुडकणे, नकाशे ताडून पाहणे, वस्तू नीटनेटक्या ठेवणे हेही तिचे आवडते उद्योग होते. ही माहिती मिळते ती डार्विननेच लिहून ठेवलेल्या एका छोट्या लेखातून. तो लेख का आणि केव्हा लिहिला गेला ते पुढे पाहू.

अ‍ॅनीची प्रकृती ढासळू लागली ती 1850 च्या जूनअखेरीस. तिला नेमके काय होते आहे ते कळेना. कधी बरे वाटे, कधी नाही. रात्री ती रडत उठे. ऑक्टोबरात तिला समुद्रस्नानासाठी रॅम्सगेटला पाठविले, तर तेथे ताप आणि डोकेदुखी सुरू झाली. मग लंडनला नेऊन डॉ. हेन्री हॉलंड यांना दाखविले. हे दूरचे आप्तही होते आणि राजदरबारी मान्यता असलेले वैद्यही. गुण आला नाही. त्या काळच्या वैद्यकाची अडचण ध्यानात घेतली पाहिजे. रोग जंतूंमुळे होतात हे सिद्ध व्हायला अजून काही दशके जायची होती. ताप हाच एक रोग समजला जाई, आणि त्याला लक्षणांवरून पित्तज्वर, विषमज्वर अशी नावे देत. वैद्य नाव देत असे, आणि घरच्यांना त्या नावाचाच काय तो आधार वाटे.

अशा वेळी डार्विनचे मन मॉल्व्हर्नकडे वळले, त्याला कारण होते. 1849 साली तो स्वतः तेथे काही महिने सहकुटुंब राहून आला होता. जुनाट ओकाऱ्या, अशक्तपणा आणि छातीतील धडधड यांनी तो वर्षानुवर्षे बेजार होता. मॉल्व्हर्नला डॉ. जेम्स गली यांचा जलोपचार प्रसिद्ध होता. कवी टेनिसनही त्यांच्याकडे उपचार घेऊन गेलेला. ओल्या चादरीत गुंडाळणे, दिव्याच्या उष्णतेने घाम काढून मग गार पाण्याने अंग खसखसून पुसणे, पथ्याचे जेवण, भरपूर चालणे असा तो क्रम. डार्विनला त्याने खरोखर आराम पडला. घरी परतल्यावर त्याने बागेत स्नानाची सोय करून घेतली आणि उपचार चालू ठेवला.

डॉ. गली हा माणूस मोठा विलक्षण. डार्विनला त्याच्याविषयी जिव्हाळा होता, पण एका गोष्टीची खंतही होती, ती ही की गली सगळ्यावरच विश्वास ठेवतात. 1850 च्या सप्टेंबरात डब्ल्यू. डी. फॉक्स या आपल्या चुलत आप्ताला लिहिलेल्या पत्रात डार्विनने एक हकीकत कळविली आहे. गलींची स्वतःची मुलगी फार आजारी पडली, तेव्हा त्यांनी शरीराच्या आत काय चालले आहे ते दिव्यदृष्टीने सांगणारी एक मुलगी बोलावली, झोप आणण्यासाठी एक संमोहक आणला, एक होमिओपॅथ आणला, आणि जलोपचारासाठी स्वतः होतेच. आणि मुलगी बरी झाली! डार्विनने हे थट्टेच्या सुरात लिहिले आहे. आपल्याकडे त्याच काळी वैद्याचा काढा, देवऋषीचा अंगारा आणि कुलदेवतेला नवस हे तिन्ही एकाच घरात, एकाच मुलासाठी, एकाच दिवशी चालत असत. त्या आयांना हसणाऱ्यांनी गलींनाही हसावे, आणि मग थोडे थांबून विचार करावा की स्वतःचे मूल अंथरुणाला खिळले असता यांतला कोणता उपाय आपण वर्ज्य मानला असता. डार्विनलाही लवकरच थट्टा सुचेनाशी होणार होती.

1851 च्या प्रारंभी त्याने गलींच्या सल्ल्याने घरीच अ‍ॅनीवर जलोपचार सुरू केला आणि तिच्या प्रकृतीची दैनंदिन टिपणे ठेवली. दिवस कसा गेला, रात्र कशी गेली, रडली का, खोकली का, हे सारे एकदोन शब्दांत लिहिलेले. स्वतःच्या प्रकृतीचीही नोंद तो अशीच ठेवी, आणि समुद्रातल्या खडकांना चिकटणाऱ्या बार्नेकल या क्षुद्र जीवांचीही त्याच चिकाटीने. पण ही टिपणे वाचताना वाटते की येथे शास्त्रज्ञाची सवय बापाच्या भीतीची चाकरी करीत होती. निरीक्षण केले तर काहीतरी सूत्र सापडेल, सूत्र सापडले तर उपाय सापडेल, या आशेवर तो लिहीत राहिला.

मार्चमध्ये अ‍ॅनीचा दहावा वाढदिवस झाला आणि लगोलग ती सर्दीतापाने आणखी खंगली. 24 मार्च रोजी डार्विन तिला आणि एटीला घेऊन मॉल्व्हर्नला निघाला. बरोबर ब्रॉडी ही जुनी दाई होती. शिक्षिका मिस थॉर्ली याही मुलींच्या सोबतीला मॉल्व्हर्नला राहिल्या. एमाला सातवा महिना उलटून गेला होता; प्रवास अशक्य. मॉल्व्हर्नपर्यंत त्या वेळी आगगाडीही पोचली नव्हती, शेवटचा टप्पा घोडागाडीने करावा लागे. मुलींची व्यवस्था लावून चारसहा दिवसांत डार्विन परतला. एप्रिलच्या मध्याला निरोप आला की अ‍ॅनीला ओकाऱ्या होत आहेत. प्रथम ते फारसे गंभीर वाटले नाही. मग दुसरा निरोप आला, आणि गुरुवार, 17 एप्रिल रोजी डार्विन धावत मॉल्व्हर्नला पोचला.

येथून पत्रे सुरू होतात.

पहिल्या दिवशीच त्याला कळून चुकले की चेहरा ओळखू न येण्याइतका बदलला आहे. त्याने एमाला लिहिले की ती आता पाहिलीस तर तुला ओळखूही येणार नाही, आणि पूर्वीची अ‍ॅनी विसरल्याखेरीज तिच्याकडे पाहणे त्याला शक्य होत नाही. गलींनी एक रात्र त्याच घरात काढली, कारण पहाट उजाडेल की नाही याची त्यांना शाश्वती नव्हती. दुसरा दिवस गुड फ्रायडेचा. जीवन आणि मृत्यू यांची झुंज तासातासाला चालली आहे असे त्या दिवशीचे वर्णन आहे. मग तपशील येतात: किती वेळा ओकली, नाडी कशी आहे, लापशी आणि ब्रँडीचा चमचा पोटात राहिला का, व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याने अंग पुसले तेव्हा तिला बरे वाटले का. लघवी अडली म्हणून नळी घालावी लागली, हेही त्याने लिहिले. नवऱ्याने गरोदर बायकोला असे काही लिहावे हे त्या काळच्या सभ्यतेच्या कल्पनांत बसणारे नव्हते.

त्याच महिन्यात, त्याच मॉल्व्हर्न गावात आणखी एक आई होती. कादंबरीकार चार्ल्स डिकन्सची पत्नी कॅथरीन तेथे जलोपचार घेत होती. तिची आठ महिन्यांची मुलगी डोरा लंडनला 14 एप्रिल रोजी आकस्मिक वारली. डिकन्स त्या संध्याकाळी एका मेजवानीत अध्यक्ष म्हणून भाषण करीत होता. भाषण संपेपर्यंत मित्र जॉन फॉर्स्टरने ती बातमी त्याच्यापासून दडवून ठेवली. मग डिकन्सने पत्नीला पत्र लिहिले आणि ते फॉर्स्टरच्याच हाती मॉल्व्हर्नला पाठविले. पत्रात डोरा गेली असे नव्हते. ती फार आजारी आहे, बरी होईल असे वाटत नाही, तू मन घट्ट कर, असे होते. ज्या मुलीचे डोळे कायमचे मिटले होते तिला त्याने पत्रात आणखी एक दिवस जिवंत ठेवले. डिकन्सला दोष देण्याचे कारण नाही. आपल्याकडेही ‘तब्येत जास्त आहे, ताबडतोब निघा’ अशा तारा येत, आणि घेणाऱ्याला त्यांचा अर्थ कळत असे. दुःख हप्त्याहप्त्याने द्यावे, विशेषतः स्त्रियांना, अशी सर्वमान्य रीत होती.

डार्विनने ही रीत पाळली नाही. आपण हे सगळे तासातासाचे सांगावे की नाही, ते तुझ्या हिताचे आहे की नाही, अशी शंका त्याने एका पत्रात स्वतःच काढली आहे. आणि पुढे प्रामाणिकपणे कारण दिले आहे: लिहिताना त्याला शांतपणे रडता येत होते. खोलीत तो धीराने वावरत होता, एका जागी बसवत नव्हते म्हणून सारखा खालीवर करीत होता. कागद पुढे घेतला की मगच डोळ्यांना वाट मिळे. म्हणजे ही पत्रे एमासाठी जितकी होती तितकीच त्याच्या स्वतःसाठी होती. आणि एमाने ती सोसली, हा तिचा मोठेपणा. तिने उलट टपाली लिहिले की टपालाची वेळ सोडली तर माझे दुःख तुझ्या दुःखापुढे काहीच नाही.

टपालाची वेळ सोडली तर! या एका शब्दप्रयोगापाशी वाचकाने थांबावे. मॉल्व्हर्नचे पत्र डाउनला दुसऱ्या दिवशी पोचे. तातडीचा निरोप तारेने लंडनपर्यंत धाडता येई, आणि तेथून चार्ल्सचा भाऊ इरॅस्मस तो डाउनला पोचवी. पण बाकीचा सारा काळ एमा एक दिवस मागे जगत होती. ती जे वाचत होती ते घडून गेलेले होते. ईस्टरच्या रविवारी, 20 तारखेला, अ‍ॅनीला किंचित उतार पडला. गलींनाही आशा वाटली. सोमवारी डार्विनने आशेचे चार शब्द लिहिले. तिने दोन चमचे चहा घेतला आणि तो फार छान आहे असे म्हणाली, हेही कळविले. ते पत्र मंगळवारी एमाच्या हाती पडले तोवर मॉल्व्हर्नला जुलाब सुरू होऊन आशा मावळत चालली होती. आशा आणि निराशा यांच्या या हेलकाव्यांनी जीव विटून जातो असे डार्विनने म्हटले आहे. एमाला तर हे हेलकावे शिळे होऊन मिळत होते.

मधल्या काळात एमाची भावजय फॅनी वेजवूड मदतीला येऊन पोचली होती, आणि धाकट्या एटीला तेथून हलवून आप्तांकडे पाठविण्यात आले होते. फॅनीवहिनींच्या हातांनी त्या खोलीला घरपण आले, हे डार्विनने कृतज्ञतेने नोंदविले आहे. आजारी मुलीच्या स्वभावाविषयी तो पुन्हा पुन्हा लिहितो. ती कुरकुरली नाही. कोणी उशी सारखी केली तरी आभार मानी, आणि ते आभार ऐकणे कठीण जाई. बापाने पाणी पाजले तेव्हा तिने नीट शब्द जुळवून त्याचे आभार मानले. तिचे त्याच्याशी झालेले शेवटचे बोलणे तेच. त्यानंतर ग्लानी आली. बुधवार, 23 एप्रिल 1851 रोजी दुपारी बारा वाजता अ‍ॅनी गेली.

त्या दिवशीचे पत्र लहान आहे. ती शांतपणे गेली, हे प्रथम. तिचे छायाचित्र काढून ठेवले होते ते किती बरे झाले, हे नंतर. तो जुन्या पद्धतीचा, तांब्याच्या पत्र्यावरचा फोटो 1849 चा होता. आणि शेवटी, आता आपण दोघांनी एकमेकांना अधिक जपले पाहिजे. डाउनला एमा बुधवारी दुपारी चार वाजेपर्यंत निरोपाची वाट पाहत होती. चारपर्यंत मधूनमधून आशा वाटे. निरोप आला नाही आणि तिला त्या न येण्याचा अर्थ समजला. रात्री झोपावयास गेली तेव्हा सारे फार पूर्वीच घडून गेल्यासारखे वाटले, असे तिने दुसऱ्या दिवशी लिहिले. त्याच पत्रात तिने पतीला कळविले की आता तू सुखरूप घरी ये, कारण माझे सर्वांत मोठे धन तूच आहेस.

तो गेला. गुरुवारी सायंकाळी डार्विन डाउनला पोचला. अंत्यविधी शुक्रवारी, 25 तारखेला मॉल्व्हर्नच्या प्रायरी चर्चच्या आवारात झाला, आणि बाप त्याला उपस्थित नव्हता. फॅनी, तिचा पती हेन्स्ली, मिस थॉर्ली आणि ब्रॉडी यांनी मुलीला निरोप दिला. आपल्या मनाला हे खटकते. मुलीला परक्या मातीत ठेवून बाप आधीच निघून गेला कसा? पण डाउनला दिवस भरत आलेली बायको एकटी रडत होती, आणि जिवंत माणसाकडे आधी जावे असा आग्रह फॅनीने धरला. वीस दिवसांनी, 13 मे रोजी, होरेसचा जन्म झाला.

मृत्यूनंतर बरोबर एका आठवड्याने, 30 एप्रिल रोजी, डार्विनने तो छोटा लेख लिहिला ज्याचा उल्लेख वर आला. प्रसिद्धीसाठी तो नव्हताच. पुढे वर्षे लोटल्यावर तिचे गुण अधिक स्पष्टपणे आठवावेत म्हणून लिहितो, असा त्याचा हेतू. तपकीर, केस, गिरक्या हे सारे त्यात आहे. घरातला आनंद आणि म्हातारपणाचा विसावा आपण गमावला असे तो म्हणतो. लेखाच्या शेवटी तो म्हणतो की आपण तिच्यावर किती प्रेम करतो हे तिला आता कळू शकले असते तर! मागे राहिलेल्या या ‘तर’मध्ये पतीपत्नींमधले एक जुने अंतर दडलेले आहे. एमा श्रद्धाळू होती. लग्नानंतर लवकरच तिने पतीला एक पत्र लिहिले होते. त्याच्या शंकांमुळे पुढच्या जन्मी, म्हणजे ख्रिस्ती अर्थाने परलोकी, आपली ताटातूट होईल की काय अशी भीती त्यात होती. ते पत्र डार्विनने जन्मभर जपले आणि त्यावर आपण कितीदा रडलो हे त्यावरच लिहून ठेवले. एमाला अ‍ॅनी पुन्हा भेटणार होती. चार्ल्सला तसे म्हणता येत नव्हते, आणि खोटे तो बोलत नव्हता.

अ‍ॅनीच्या मृत्यूने डार्विनची श्रद्धा एका फटक्यात संपली, अशी कथा अलीकडे फार सांगितली जाते. ती सोपी आहे, आणि सोप्या कथांविषयी सावध राहिलेले बरे. 1876 साली लिहिलेल्या आत्मवृत्तात त्याने आपला अविश्वास अगदी संथ गतीने वाढत गेला असे सांगितले आहे. त्याच्या शंका एमाला 1839 मध्येच ठाऊक होत्या. मॉल्व्हर्नच्या त्या दिवसांनी त्या शंकांना एक चेहरा दिला असेल, इतकेच म्हणता येते. मात्र ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या त्याच्या 1859 च्या ग्रंथात जीवनकलहाच्या प्रकरणाचा शेवट वाचताना मॉल्व्हर्न आठवल्यावाचून राहत नाही. निसर्गातला हा झगडा अखंड नसतो, त्यात भीती जाणवत नाही, मृत्यू बहुधा झटपट येतो, आणि जे सुदृढ व आनंदी असतात ते टिकतात, असा दिलासा तो तेथे वाचकाला देतो. आनंदी अ‍ॅनी टिकली नव्हती, आणि तिचा मृत्यू झटपट आलेला नव्हता. त्या अंथरुणापाशी सहा रात्री जागलेल्या माणसाने हे लिहिले आहे.

आनुवंशिकतेची भीती मात्र त्याला सोडून गेली नाही. आपलीच दुबळी प्रकृती मुलीत उतरली, आणि नात्यातल्या लग्नाने ती दुणावली, असे त्याच्या मनाने घेतले. 1858 च्या जूनमध्ये वॉलेसचे ते प्रसिद्ध पत्र येऊन पडले त्याच दिवसांत त्याचे धाकटे मूल, चार्ल्स वेअरिंग, लोहितज्वराने 28 जूनला गेले. 1 जुलैला लंडनच्या लिनिअन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचा सिद्धान्त वाचला जात असताना डार्विन तेथे नव्हता; त्या दिवशी त्या बाळाला मूठमाती दिली गेली. पुढे वनस्पतींमधील स्वपरागण आणि परपरागण यांवर त्याने वर्षानुवर्षे प्रयोग केले. 1871 च्या जनगणनेत चुलत-मामे भावंडांच्या विवाहाविषयी प्रश्न घालावा म्हणून पार्लमेंटचे सभासद जॉन लबक यांच्यामार्फत खटपट केली. पार्लमेंटने ती सूचना फेटाळली. शेवटी मुलगा जॉर्ज याने 1875 मध्ये त्या विषयाचा आकडेवारीने अभ्यास केला, आणि धोका समजला जातो तितका मोठा नाही असा निष्कर्ष निघाला. बापाची टोचणी आकडेवारीने कितपत शमली असेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अ‍ॅनीला नेमके काय झाले होते? मृत्यूच्या दाखल्यावर विषमज्वराच्या वळणाचा पित्तज्वर असे लिहिले गेले. पुढच्या काळात त्या टिपणांचा आणि पत्रांचा अभ्यास करणाऱ्यांचा कल क्षयाकडे आहे. तसे असेल तर ओल्या चादरीही निरुपयोगी होत्या आणि बापाचे रक्तही निर्दोष होते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये जाहीर केला तो 24 मार्च 1882 रोजी. अ‍ॅनी मॉल्व्हर्नला निघाली होती ती 24 मार्चलाच, एकतीस वर्षांपूर्वी. कॉख यांच्या त्या व्याख्यानानंतर महिनाही उलटला नव्हता तोच, 19 एप्रिल 1882 रोजी, डार्विनचा अंत झाला.

1863 च्या सप्टेंबरात ते दोघे पुन्हा मॉल्व्हर्नला गेले. एमा अ‍ॅनीची समाधी पाहावयास गेली, तर ती सापडेना. शिळा नाहीशी झाली की काय अशी शंका आली. फॉक्सने ती पूर्वी पाहिली होती. डार्विनने त्याला पत्र घातले, आणि मग वाढलेल्या झाडाझुडपांआड ती मिळाली. तिच्यावर नाव आणि तारखांखाली, प्रेमळ आणि गुणी मूल, एवढेच लिहिलेले आहे.

एटी मोठी झाली, तिने आईची पत्रे संपादित केली. आई अ‍ॅनीविषयी क्वचितच बोले, पण बोले तेव्हा जखम भरली नसल्याचे जाणवे, असे तिने नमूद केले आहे. वडील तर तिच्या ऐकण्यात अ‍ॅनीचे नावही कधी काढीत नसत. एमाने मात्र अ‍ॅनीची लेखनाची पेटी ठेवून दिली होती. ती पिढ्यान्‌पिढ्या घरातच राहिली, आणि डार्विनचे खापरपणतू रँडल कीन्स यांना सापडली. तिच्यावरून त्यांनी लिहिलेले पुस्तक 2001 मध्ये निघाले. पेटीत अ‍ॅनीचे कागद होते, केसांची एक बट होती, बापाच्या हातची ती प्रकृतीची टिपणे होती, आणि पिसांच्या लेखण्या होत्या, ज्यांच्या टोकांवर शाई तशीच वाळून गेली होती.